श्वासाचा पडदा आणि विहिरीतील हवा

चैत्र-वैशाखात विहिरींचे पाणी तळाशी जाते आणि गाळ काढणे, खोली वाढविणे, खचलेली कड बांधून घेणे ही कामे गावोगाव सुरू होतात. त्याच सुमारास दरवर्षी वर्तमानपत्रांत एक बातमी येते. गावाचे नाव तेवढे बदलते. विहिरीत उतरलेला मनुष्य तळाशी पोहोचताच कोसळतो. त्यास काढण्यासाठी दुसरा उतरतो, तोही वर येत नाही. मग तिसरा उतरतो. पुष्कळदा हे तिघेही एकाच घरचे असतात. मृत्यूचे कारण म्हणून बातमीच्या शेवटी ‘विषारी वायूमुळे’ एवढे दोन शब्द घातलेले असतात आणि वाचणारा पान उलटतो.

विचारी शेतकऱ्यास येथे एक शंका आल्यावाचून राहणार नाही. जो गडी भरल्या विहिरीत बुडी मारून मिनिटभर श्वास कोंडून राहू शकतो आणि हसत वर येतो, तोच कोरड्या विहिरीत हाक मारण्याइतकाही अवधी न मिळता कसा पडतो? पाण्यात तर त्यास हवा मुळीच नव्हती. येथे निदान काही हवा होती. असे असता पाणी सोसले आणि हवा सोसली नाही, हे कोडेच आहे. त्याचे उत्तर विहिरीत जितके आहे, त्याहून अधिक आपल्या छातीत आहे. फुप्फुसांत एक अत्यंत तलम पडदा आहे आणि त्याच्या आरपार वायूंची देवघेव अहोरात्र चालू असते. ती कोणत्या नियमाने चालते हे एकदा नीट समजले, तर विहीर, पेव, गोबर गॅसची टाकी व मैलाकुंडी यांतील धोका आपोआप ध्यानात येतो. यास्तव प्रस्तुत लेखात प्रथम त्या पडद्याची हकीकत सांगून मग आम्ही विहिरीकडे वळणार आहो.

पाऊण गुंठ्याचे शेत

आपण मिनिटास सुमारे १५ वेळा श्वास घेतो. जुन्या योगग्रंथांत दिवसरात्रीचे श्वास २१,६०० मोजले आहेत, तो हिशेब याच प्रमाणाशी जुळतो. दर श्वासाबरोबर सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. श्वासनळी छातीत उतरल्यावर तिचे दोन फाटे होतात, त्या प्रत्येकाचे पुन्हा दोन, याप्रमाणे सुमारे २३ वेळा फाटे फुटत जातात. मोठ्या पाटातून दांड, दांडातून सऱ्या आणि सऱ्यांतून वाफे भरावेत, तशीच ही रचना आहे. पाटाचे काम पाणी पोहोचविण्याचे. पीक वाफ्यात असते. त्याचप्रमाणे वरच्या नळ्यांत रक्ताला काहीच मिळत नाही. अर्ध्या लिटरपैकी सुमारे १५० मिलिलिटर हवा या पाटांतच राहून तशीच परत जाते. उरलेली शेवटच्या बारीक फाट्यांवर लागलेल्या फुग्यांसारख्या पिशव्यांत पोहोचते. त्यांस वायुकोश म्हणतात.

एक वायुकोश खसखशीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान असतो. परंतु दोन्ही फुप्फुसांत मिळून त्यांची संख्या ३० ते ५० कोटींच्या घरात आहे. सर्वांच्या भिंती उलगडून जमिनीवर अंथरल्या, तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पाऊण गुंठा जागा व्यापतील. प्रत्येक मनुष्य आपल्या छातीत पाऊण गुंठ्याचे शेत घेऊन हिंडत असतो, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. या शेतावर कोणत्याही क्षणी पसरलेले रक्त सुमारे ७० ते १०० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका लहान पेल्यात मावेल इतकेच असते. इतके थोडे रक्त इतक्या विस्तीर्ण जागेवर पसरल्यावर त्याचा थर किती पातळ होईल याची कल्पना सहज येईल. ज्या केशवाहिन्यांतून ते वाहते, त्या इतक्या अरुंद असतात की तांबड्या पेशी जवळजवळ एकामागे एक अशाच जातात.

वायुकोशातील हवा आणि हे रक्त यांच्यामध्ये जो पडदा आहे, त्याची जाडी बहुतेक ठिकाणी सुमारे अर्धा मायक्रॉन असते. मिलिमीटरचे दोन हजार भाग केले असता त्यांपैकी एक भाग, एवढा तो पातळ आहे. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे शंभराहून अधिक पडदे मावतील. त्यात वायुकोशाची भिंत, केशवाहिनीची भिंत आणि दोहोंना जोडणारे एक तलम अस्तर असते. शिवाय हवेच्या बाजूस ओलाव्याचा एक अगदी पातळ लेप असतो.

हा पडदा मनुष्याच्या नजरेस पडला त्यास साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली. इंग्लंडातील विल्यम हार्वे याने १६२८ साली रक्त शरीरात फिरते हे सिद्ध केले. परंतु एका वाहिनीतून दुसरीत ते कोणत्या वाटेने जाते हे त्यास पाहता आले नाही. १६६१ साली इटलीतील मार्चेल्लो माल्पिघी याने बेडकाचे फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तेव्हा वायुकोशांभोवती विणलेले केशवाहिन्यांचे जाळे त्याच्या दृष्टीस पडले.

उतार आणि समपातळी

आता मुख्य प्रश्न असा की, वायू या पडद्यातून कोणत्या शक्तीने पार जातात? फुप्फुस प्राणवायू ओढून घेते काय? विसाव्या शतकाच्या आरंभी याविषयी विद्वानांत मोठा वाद होता. ज्याप्रमाणे ग्रंथी लाळ अथवा दूध स्रवतात, त्याप्रमाणे फुप्फुसही प्रसंगी प्राणवायू रक्तात ढकलते, असे डेन्मार्कमधील क्रिस्टियन बोर आणि इंग्लंडातील जॉन स्कॉट हाल्डेन यांचे मत होते. बोरचाच शिष्य ऑगस्ट क्रोघ आणि त्याची पत्नी मारी क्रोघ यांनी अतिशय काळजीपूर्वक मोजमापे करून १९१० साली दाखवून दिले की, फुप्फुस काहीही ढकलत नाही व काहीही ओढत नाही. ज्या बाजूस वायूचा दाब अधिक असेल तिकडून तो कमी दाबाच्या बाजूस आपोआप झिरपतो. पुढे हेच मत सर्वमान्य झाले.

शेतकऱ्यास हा नियम नवा नाही. दोन हौद तळाशी नळीने जोडले, तर ज्यात पाण्याची पातळी उंच असेल त्यातून पाणी दुसऱ्यात जाते आणि पातळी सारखी होताच थांबते. नळी कोणाचाही पक्ष घेत नाही. वायूंच्या बाबतीत पाण्याच्या पातळीऐवजी प्रत्येक वायूचा स्वतःचा दाब धरावयाचा, एवढाच फरक.

समुद्रसपाटीस हवेचा एकंदर दाब पाऱ्याच्या स्तंभाने मोजला तर ७६० मिलिमीटर भरतो. हवेत प्राणवायू शेकडा २१ असल्याने त्याच्या वाट्यास सुमारे १६० येतात. आत जाताना हवा ओली होते व आतील शिळ्या हवेत मिसळते, त्यामुळे वायुकोशात प्राणवायूचा दाब १०० च्या आसपास राहतो. शरीरभर फिरून परत आलेल्या रक्तात तो सुमारे ४० असतो. १०० कडून ४० कडे उतार आहे, म्हणून प्राणवायू हवेतून रक्तात जातो. उलटपक्षी कर्बाम्ल वायू, ज्यास हल्ली कार्बन डायऑक्साइड म्हणतात, त्याचा दाब परतलेल्या रक्तात सुमारे ४६ आणि वायुकोशात ४० असतो; म्हणून तो रक्तातून हवेत येतो. येथे उतार अवघा सहाचा आहे, तरी काम भागते. कारण हा वायू ओलाव्यात सहज विरघळतो आणि पडद्यातून प्राणवायूच्या सुमारे वीसपट सुलभतेने जातो. आत घेतलेल्या हवेत शेकडा २१ असलेला प्राणवायू उच्छ्वासात सुमारे १६ उरतो, आणि कर्बाम्ल वायू जवळजवळ नाहीसा होता तो सुमारे ४ होतो, तो याच देवघेवीने.

या देवघेवीस किती वेळ मिळतो? आपण स्वस्थ बसलो असता रक्ताची एक पेशी फुप्फुसाच्या केशवाहिनीतून सुमारे पाऊण सेकंदात पुढे जाते; परंतु पहिल्या पाव सेकंदातच ती प्राणवायूने भरलेली असते. उरलेला अर्धा सेकंद ही निसर्गाने ठेवलेली शिल्लक होय. पोते उचलून चालताना किंवा नांगर धरताना रक्त वेगाने धावू लागते, ही शिल्लक खर्ची पडते आणि तरीही पेशी बहुधा भरूनच बाहेर पडते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे प्रयोजन पडणार आहे.

फुप्फुसांचा वाफसा

काळ्या जमिनीत पाणी साचले म्हणजे पीक पिवळे पडते, हे आपण जाणतो. त्याचे कारण मुळांशी हवा पोहोचत नाही. प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहाहजारांश वेगाने तो पाण्यातून पसरतो. म्हणून ओल असावी परंतु पाणी साचू नये, अशी वाफशाची स्थिती पिकास हवी असते. फुप्फुसांसही असाच वाफसा लागतो. पडद्यावरील ओलाव्याचा लेप अगदी पातळ असेल तोवरच वायूंची ये-जा सुरळीत चालते. न्यूमोनियात वायुकोश स्रावाने भरतात, हृदय थकले असता त्यांत पाणी झिरपते; मग बाहेर हवा मुबलक असूनही मनुष्य गुदमरतो. पाणथळ शेतातील पिकाची जी अवस्था, तीच त्याची.

या पातळ लेपातही एक खुबी आहे. नुसते पाणी असते, तर त्याच्या पृष्ठभागाच्या ताणामुळे इतक्या सूक्ष्म पिशव्या मिटून चिकटल्या असत्या. तो ताण कमी करणारा साबणासारखा एक पदार्थ वायुकोशांतील काही पेशी स्रवतात. दिवस पुरे होण्याच्या फार आधी जन्मलेल्या अर्भकांत हा पदार्थ पुरेसा तयार झालेला नसतो आणि त्यामुळेच त्यांस श्वास घेणे जड जाते, हे मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनी अमेरिकेत १९५९ साली दाखविले. पुढे तो पदार्थ औषधरूपाने अर्भकांच्या फुप्फुसांत सोडण्याची सोय झाली.

रक्ताची गाडी आणि खोटा उतारू

पडदा ओलांडलेला प्राणवायू रक्ताच्या पाण्यात फारसा विरघळत नाही. शंभर मिलिलिटर रक्तात नुसता विरघळून तो एक मिलिलिटरच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही मावत नाही. परंतु तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन या लोहयुक्त द्रव्यामुळे तेवढ्याच रक्तात तो सुमारे २० मिलिलिटर मावतो. हिमोग्लोबिनाच्या प्रत्येक कणावर प्राणवायूच्या चार उतारूंस जागा असते. फुप्फुसात ते चढतात, स्नायूंत व मेंदूत उतरतात.

तथापि या गाडीत एक खोटा उतारू चढू शकतो. लाकूड, कोळसा अथवा तेल पुरेशा हवेवाचून जळते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. पडदा त्यासही अडवीत नाही, आणि हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. यामुळे हवेच्या हजार भागांत याचा एकच भाग असला, तरी अशा हवेत पुरेसा वेळ राहिलेल्या माणसाच्या रक्तातील निम्म्याहून अधिक जागा तो बळकावून बसतो. डोके दुखणे, मळमळणे, पाय लटपटणे आणि मग ग्लानी, असा क्रम असतो. कातडी निळी पडत नाही, त्यामुळे पाहणाराही फसतो. मोकळ्या हवेत आणल्यावरही रक्तातील हा वायू निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास तेच काम तास-दीड तासात होते. विहिरीच्या पायठणीवर तेलाचे इंजिन ठेवून पाणी उपसण्याची अथवा बंद खोलीत शेगडी ठेवून निजण्याची रीत किती घातक आहे, हे यावरून दिसून येईल.

उलटा उतार

आता प्रारंभीच्या कोड्याकडे येऊ. पेवात ठेवलेले धान्यही मंदपणे श्वास घेते. त्यातील किडेही घेतात. पेवाचे तोंड लिंपल्यावर आतील प्राणवायू सरत जातो आणि कर्बाम्ल वायू साठत जातो. कीड गुदमरून मरते, म्हणूनच माल वर्षानुवर्षे टिकतो. सांगलीजवळील हरिपूर हे गाव हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध होते. २००५ च्या महापुरात त्यांपैकी पुष्कळ पेवे निकामी झाली. धान्यास राखणारी पेवातील ही निर्जीव हवाच माणसास मारते. न वापरलेल्या विहिरीतही तेच घडते. तळाचा पाला-पाचोळा व गाळ कुजतो, सभोवतालच्या मातीतील सूक्ष्म जीव प्राणवायू खातात, आणि कर्बाम्ल वायू हवेच्या दीडपट जड असल्याने वारा न लागणाऱ्या तळाशी बसून राहतो. आभाळ येऊन हवेचा दाब उतरला म्हणजे मातीच्या पोटातील अशी हवा अधिकच बाहेर येते. म्हणून जी विहीर काल निर्धोक होती ती आज तशी असेलच असे नाही.

अशा हवेचा पहिला श्वास घेतला असता काय होते? पडद्यास हवेची पारख नाही, तो फक्त उतार जाणतो, हे वर सांगितलेच आहे. वायुकोशातील प्राणवायूचा दाब एरवी १०० असतो आणि परतलेल्या रक्तातील ४०. आत घेतलेल्या हवेत प्राणवायू शेकडा पाचाहून कमी असेल, तर दोन-चार श्वासांतच वायुकोशातील दाब रक्तातील दाबाच्याही खाली जातो. उतार उलटा होतो. मग रक्ताला नवा प्राणवायू मिळणे तर दूरच, त्यातील उरलासुरला प्राणवायूच पडद्यातून बाहेर वाहू लागतो आणि उच्छ्वासाबरोबर निघून जातो. तसे रिकामे झालेले रक्त काही सेकंदांत मेंदूत पोहोचते, आणि बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आत मनुष्य शुद्ध हरपतो. बुडी मारणाऱ्याच्या फुप्फुसात मात्र चांगली हवा कोंडलेली असते. तिच्यातील प्राणवायू तो मिनिटभर पुरवून खातो. पाण्याने त्यास नवे काही दिले नाही, पण त्याचे होते तेही काढून नेले नाही. निर्जीव हवेचा प्रत्येक श्वास मात्र गाठीचे काढून नेतो. कोड्याचा उलगडा हा असा आहे.

कर्बाम्ल वायूसही हाच नियम लागू आहे. हवेत तो शेकडा सहा-सातांहून अधिक झाला, तर तो रक्तातून बाहेर पडण्याऐवजी हवेतून रक्तात शिरू लागतो. शेकडा दहाच्या वर गेल्यास थोड्याच मिनिटांत शुद्ध जाते.

कोणी म्हणेल की, जीव घाबरू लागताच मनुष्याने वर का येऊ नये? दुर्दैवाने शरीराची घंटा मुख्यतः प्राणवायूच्या कमतरतेने वाजत नाही, कर्बाम्ल वायूच्या वाढीने वाजते. हे हाल्डेन व जॉन प्रीस्टली यांनी १९०५ साली प्रयोगाने दाखविले. तळाशी कर्बाम्ल वायू असेल तर मनुष्य धापा टाकू लागतो आणि धापेसरशी तोच वायू अधिक ओढतो. गोबर गॅसच्या टाकीप्रमाणे तेथे मिथेन असेल, तर छातीत काही विशेष न जाणवताच डोळ्यांपुढे अंधारी येते. कुजलेल्या शेणाच्या अथवा मैल्याच्या कुंडीत हायड्रोजन सल्फाइडही असतो. त्याचा सडक्या अंड्यांसारखा वास थोड्या प्रमाणात येतो. परंतु प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. वास थांबला म्हणजे धोका टळला असे मानणारा तेथेच फसतो.

वरून पाहणाऱ्यास खाली पडलेला माणूस दिसतो, पण त्यास पाडणारी वस्तू दिसत नाही. तो आपला भाऊ किंवा मुलगा असतो. म्हणून दुसरा मागचापुढचा विचार न करता उतरतो. त्याच्या छातीतील पडदाही त्याच नियमाने चालतो.

कंदिलाची परीक्षा

आमच्या लहानपणी पेव उघडले म्हणजे जाणती माणसे मुलांस लांब बसवीत, पेव पुष्कळ वेळ उघडे टाकीत आणि मग दोरीस कंदील बांधून खाली सोडीत. कंदील विझला तर त्या दिवशी कोणी उतरत नसे. ही रीत शहाणपणाची होती. प्राणवायू शेकडा सोळा-सतराच्या खाली गेला म्हणजे ज्योत विझते, आणि इतक्या हवेत माणूस अद्याप शुद्धीवर असतो. म्हणजे कंदील माणसाच्या आधी धोका सांगतो.

परंतु या परीक्षेच्या मर्यादा सांगितल्यावाचून आम्हास पुढे जाता येत नाही. विझलेला कंदील खरे बोलतो. पेटता कंदील मात्र पूर्ण सत्य सांगत नाही. कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सल्फाइड यांच्या प्राणघातक प्रमाणातही ज्योत खुशाल तेवत राहते. सुरुंग उडविल्यानंतर विहिरीत राहणारा धूर याच प्रकारचा असतो; त्यातील काही वायू तर फुप्फुसाचा पडदाच जाळतात आणि त्याचा परिणाम काही तासांनी, माणूस घरी जाऊन निजल्यावर दिसून येतो. गोबर गॅसची टाकी अथवा मैलाकुंडी यांत तर पेटती वस्तू नेणे म्हणजे स्फोटास आमंत्रण होय. शिवाय परीक्षा उतरण्यापूर्वीची असते. गाळ ढवळला की त्यात अडकलेले वायू नंतर बाहेर येतात.

तोंडास ओले फडके बांधून उतरण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. फडके धूळ अडविते, वायू अडवीत नाही. आणि जेथे प्राणवायूच नाही तेथे कोणतीही मुखपट्टी तो निर्माण करू शकत नाही.

बुरशीची धूळ

वर सांगितलेला धोका क्षणात येणारा आहे. दुसरा एक धोका वर्षानुवर्षे, पावलापावलाने येतो. ओला कडबा अथवा गवत गंजीत रचले म्हणजे ते तापते, बुरसते, आणि सोडताना पांढरी धूळ उडते. तिच्यातील सूक्ष्म जंतूंचे कण इतके बारीक असतात की ते थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. ओल्या हंगामानंतर बुरसट गवत हाताळणाऱ्या इंग्लंडमधील शेतमजुरांत हा विकार आढळल्याचे वर्णन १९३२ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यास ‘शेतकऱ्याचे फुप्फुस’ असेच नाव पडले. उसाच्या साठविलेल्या चिपाडाच्या बुरशीने होणाऱ्या अशाच विकाराचे वर्णन १९४१ साली अमेरिकेतील लुइझियाना प्रांतातून आले. ऊस पिकविणाऱ्या आमच्या बागाईतदारांनी ते ध्यानी घेण्यासारखे आहे.

धुळीत काम केल्यावर चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप येतो, कोरडा खोकला लागतो, छाती आवळते; एक-दोन दिवसांत बरे वाटते आणि मनुष्य पुन्हा कामास जातो. लोक त्यास साधा ताप समजतात. परंतु हे पुनःपुन्हा घडत गेले, तर पडदा सुजून जाड होतो व अखेर त्यात वण पडतात. वर सांगितलेली अर्ध्या सेकंदाची शिल्लक येथे प्रथम खर्ची पडते. बसला असता मनुष्यास काही जाणवत नाही. ओझे घेऊन चढ चढताना मात्र त्याचा श्वास पुरत नाही, कारण जाड पडद्यातून प्राणवायू पार होण्याआधीच रक्त पुढे निघून गेलेले असते. सुजेच्या अवस्थेत धूळ टाळली तर सुधारणा होते. वण पडलेला भाग पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून वैरण नीट वाळल्याखेरीज रचू नये, बुरसटलेली गंजी वाऱ्याकडे पाठ करून मोकळ्यावर सोडावी, आणि येथे मात्र चांगली, नाकातोंडास घट्ट बसणारी मुखपट्टी अवश्य वापरावी. कारण येथे अडवावयाची आहे ती धूळ. कामानंतर रात्री ताप येण्याचा क्रम दिसला, तर डॉक्टरांस आपल्या कामाची हकीकत आवर्जून सांगावी.

उतरण्यापूर्वी

विहीर, पेव व टाकी यांविषयी आमची सूचना अशी:

१. शक्य तेथवर माणूस उतरवूच नये. गाळ यंत्राने अथवा वरून काढावा. गोबर गॅसच्या टाकीत व मैलाकुंडीत कोणासही उतरवू नये. संरक्षक साधनांवाचून मैलाकुंडीत माणूस उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

२. विहिरीत उतरणे भागच असेल, तर प्राणवायू, ज्वालाग्राही वायू, कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हे चारही मोजणारे यंत्र दोरीने तळापर्यंत सोडून हवा तपासावी, आणि काम चालू असेतो ते उतरलेल्या माणसाजवळ ठेवावे.

३. विजेच्या पंख्याने नळीवाटे ताजी हवा तळापर्यंत सोडावी आणि ती सतत चालू ठेवावी. पाणी शिंपडणे अथवा डहाळ्यांचा भारा वरखाली करणे यांनी हवा थोडी हलते. तेवढ्यावर भिस्त ठेवू नये. तेलाचे इंजिन विहिरीत उतरवू नये.

४. उतरणाऱ्याच्या खांद्यांस व कमरेस पट्टे असावेत, त्यांस बांधलेला दोर वर कप्पीवर असावा आणि तेथून दोन माणसांनी हलू नये. तो पडलाच, तर कोणी न उतरता त्यास ओढून काढता येईल, हा या दोराचा हेतू.

५. दोर नसताना कोणी पडलाच, तर काळजावर दगड ठेवून वरच थांबावे, १०८ अथवा ११२ क्रमांकास कळवावे, आणि जमेल त्या उपायाने ताजी हवा खाली सोडावी. वर काढलेल्या माणसाचा श्वास थांबला असल्यास, ज्यास येत असेल त्याने कृत्रिम श्वासोच्छ्वास व छातीवर दाब देणे तत्काळ सुरू करावे.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. विहीर आपली असते, पण तीत उतरणारा पुष्कळदा आपण नसतो. रोजाने आलेला गडी असतो. मालकाने ‘उतर’ म्हटले म्हणजे तो उतरतो, कारण त्यास दिवसाची मजुरी बुडवावयाची नसते. वरील गोष्टी त्यास ठाऊक असण्याचा संभव कमी आणि आपणांस आता त्या ठाऊक झाल्या आहेत. सबब जबाबदारी आपली आहे. हवा मोजण्याचे यंत्र, पंखा, पट्टे व कप्पी एकेकट्याने घेणे जड जाईल. परंतु फवारणीचे पंप व मळणीयंत्रे ज्याप्रमाणे पुष्कळ गावांच्या सोसायट्यांनी सामायिक ठेवली आहेत, त्याप्रमाणे ही साधनेही ठेवता येतील. येत्या उन्हाळ्यापूर्वी आपापल्या सोसायटीच्या सभेपुढे हा विषय मांडावा, एवढी वाचकांस आमची विनंती आहे.